देसाई मॅडमचं पार्सल

"बोला देसाई मॅडम!" सुभाषराव फोन कानाला लावून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हो, हो, एक थाळी. मीच घेऊन येतो."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मृणालिनीबाईंनी एकदा बघितलं, पदर खोचला आणि गॅस पेटवला.

दुपार झाली तरी 'उभयता भोजनालया'त कुणी पाणी प्यायलाही आलं नव्हतं. नवघर रोडच्या पलीकडे पावभाजीवाल्याकडे रांग, आणि इथे मालक गल्ल्यावर माशा मारत बसलेले. नाव सुभाषरावांनीच हौसेनं ठेवलं होतं. नवराबायकोनं मिळून हॉटेल काढायचं, मिळून चालवायचं. आता एक जण गल्ल्यावर, एक जण आत आणि मध्ये भिंत. दोघंही पार्सलपुरतंच बोलत, कारण जास्त बोलायला गेलं की हॉटेल बंद करायचा विषय निघे.

तो विषय सुभाषरावांना नको होता. धंद्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. लेक रसिका लग्न होऊन बंगळुरूला गेली तेव्हा मृणालिनीबाई घरातल्या खिडकीत जाऊन बसल्या, त्या कितीतरी महिने उठल्याच नाहीत. हाक मारली तर ओ द्यायच्या, एवढंच. हॉटेलचं निघालं आणि बाई माणसात आल्या. शटर ओढलं की पुन्हा ती खिडकी, या धास्तीनं सुभाषरावांचा जीव टांगणीला लागलेला असे. सध्या तरी रोजच्या त्या एका पार्सलवर सगळं तगून होतं.

"काल काय म्हणाल्या मॅडम?" आतून प्रश्न आला.

"आमटीवर खूष होत्या. म्हणाल्या, मृणालिनीताईंच्या हाताला चव आहे."

"अस्सं? मीठ कमी नाही ना वाटलं?"

"छे! त्यांना तसंच लागतं."

"तुम्ही आधी जेवून घ्या ना."

"आल्यावर जेवतो."

"आल्यावर ताकभातच देईन हं. पोट बघा किती सुटलंय."

शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला भूपेश दारात उभा होता. तो खो खो हसला. "अंकल, धंदा मंदा, लेकिन सेठ का पेट तेजी में!"

सुभाषरावांनी पोट आत ओढलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

मृणालिनीबाईंनी पिशवीला गाठ मारून ती खिडकीतून पुढे केली. आता त्या रोजच्यासारखं विचारणार, 'बीपीची गोळी घेतलीत का?' आणि सुभाषराव रोजच्यासारखे 'हो' म्हणून मोकळे होणार. गोळी असायची घरातल्या ड्रॉवरमध्ये. पण आज त्यांनी विचारलंच नाही. पिशवी दिली आणि पाठ फिरवून ओटा पुसायला लागल्या.

सुभाषराव क्षणभर घुटमळले. "येतो गं."

"सावकाश जा."

स्कूटरवर त्यांच्या मनातून ते जाईना. एवढी वर्षं न चुकता विचारणारी बाई आज गप्प कशी? पुन्हा त्या खिडकीकडे निघाली की काय? त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

नव्या टॉवर्सची रांग मागे पडली. स्कूटर कुठल्याच गेटपाशी थांबली नाही. मिठागरांच्या बांधावर एका बाभळीखाली सुभाषरावांनी ती उभी केली आणि ते दगडावर बसले. आसपास चिटपाखरू नव्हतं.

देसाई नावाची कुणी बाईच नव्हती. फोनही कधी वाजला नव्हता. रोज इथे येऊन सुभाषराव एकटेच ती थाळी संपवायचे, आणि इतक्या वर्षांच्या संसारात स्वतःच्या तोंडानं कधी न केलेलं बायकोचं कौतुक परत जाऊन देसाई मॅडमच्या नावावर सांगायचे. समोर बसून खरं बोलायची हिंमत त्यांच्यात नव्हती. हिला कळलं तर ही मोडून पडेल, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी पिशवीची गाठ सोडली. आमटी, भात, पोळ्या, दोडक्याची भाजी. एकेक डबी काढून त्यांनी दगडावर मांडली. तळाशी, लोणच्याच्या पुडीखाली, कागदाची एक छोटीशी घडी होती. त्यांनी ती उलगडली.

आत त्यांची बीपीची गोळी होती.