हाकेला ओ

पाण्याने थेंबाथेंबाने कोरलेल्या झरीच्या गुहेतून शुक्रा दरवर्षी शेतासाठी वटवाघळांचं खत आणी. रीत अशी, की तोंडाशी बसलेल्याने नाव घेऊन हाक मारायची, आतल्याने ‘ओ’ द्यायची. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी ठकी तेव्हा डोंगर दणाणून सोडी. शुक्राला ते फार आवडे.

यंदा आत बॅटरी विझली. ठकीच्या हाकांचा माग धरत तो कसाबसा बाहेर आला.

तिचा हात घट्ट धरून म्हणाला, "उपकार झाले, ठके. तुझ्या तोंडाचं आज चीज झालं."

ठकी हसली.

तेवढ्यात आतून शुक्राच्याच आवाजात आलं, "ठके, थांबलीस का? हाक मार गं."

ठकीने हात सोडवला. गुहेकडे वळून ओरडली, "शुक्राऽ!"

"ओ," तिच्या पाठीशी उभा शुक्रा म्हणाला.

ती वळली नाही.