सोपानचा पाना

रस्त्यावर हत्यारांना पाय फुटतात, म्हणून ट्रकवाल्या सोपाननं सकाळीच आपल्या नव्याकोऱ्या पान्यावर छन्नीनं नाव कोरलं. शेवटच्या ठोक्याला छन्नी सटकली आणि नावापासून टोकापर्यंत वाकडा ओरखडा गेला.

त्याच मापाचा एखादा जुना पाना जोडीला असावा, म्हणून नवा पाना नमुन्याला पिशवीत टाकून तो दिल्लीच्या करोल बागेत, जुन्या हत्यारांच्या दुकानात आला.

दुकानदारानं काजळी धरलेला पाना त्याच्या हातात दिला. सोपाननं अंगठ्यानं पुसलं, तर खालून त्याचंच नाव निघालं. त्याच्याच अक्षरात, त्याच वाकड्या ओरखड्यासकट.

त्यानं पिशवी चाचपली. त्याचा पाना आतच होता.

“ये कहाँ से आया?”

“जले हुए ट्रक का माल है, भाईसाहब. ड्राइवर की मुट्ठी से छूट ही नहीं रहा था.”

सोपाननं पाना ठेवायला हात पुढे केला.

बोटं उघडेनात.