गुडघाभर पाणी

तलावात गोजरबाई गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि तिथं पाणी दोन पुरुष खोल होतं.

हे तातेरावला ठाऊक होतं, रखमाजीलाही ठाऊक होतं. म्हणून दोघं काठावर जागच्या जागी थिजले.

दुपारी म्हैस एकटीच घरी आली होती, शिंगांपर्यंत भिजलेली. तिच्यामागं माळावर गेलेली गोजरबाई, तातेरावची थोरली भावजय, आलीच नाही. तेव्हापासून गाव पाणी दिसेल तिथं तिला शोधत होतं. दोर आणि गळ घेऊन काही माणसं विहिरींकडं गेली. तातेराव आणि शेजारचा रखमाजी माळाकडं निघाले. शिंगाड्याचं तळं पाहिलं, खदानीतलं डबकं काठीनं ढवळलं, ओढ्याचा डोह पालथा घातला. काय शोधतोय ते दोघंही बोलत नव्हते. शेवटी हा नवा तलाव राहिला होता, आणि सूर्य माळाला टेकला होता.

गोजरबाईची त्यांच्याकडं पाठ होती. तिनं नुसती मान वळवली.

"भावजी..."

आवाज रिकाम्या रांजणातून यावा तसा आला. रखमाजीनं तातेरावचा दंड आवळला.

"ओ देऊ नको. पहिल्या हाकेला ओ दिली का गेलास."

रखमाजीला भुतांची सगळी माहिती होती. त्यांचं खाणं, त्यांची सोयरीक, त्यांचं नसलेलं वजन, अमावस्येचे त्यांचे रस्ते. फक्त एखादं बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

"आवं भावजी, मी हाय. गोजर. सकाळधरनं वरडून वरडून गळा बसला."

"सगळ्या असंच सांगतेत," रखमाजी पुटपुटला.

"जित्ती हाय वो मी! दुष्काळात हितली माती आपणच खोदली न्हाई का? मोजायला मधी मधी खुंट सोडल्ते, त्यातल्या एकावर उभी हाय. म्हशीचं शेपूट हातातून सुटलं आन् पाय ह्याला लागला. पर खालची ढेकळं सुटून राह्यलीत. जल्दी काय तरी करा!"

ते खुंट तातेरावनं पाहिले होते. किती माती निघाली ते कळावं म्हणून खड्ड्यात न खोदता राखलेले, डोक्यावर गवताची टोपी घातलेले मातीचे खांब, जवळजवळ दोन पुरुष उंच. पण ती गोष्ट पाणी भरायच्या आधीची. एवढ्या पाण्याखाली त्यातला एखादा अजून उभा असेल, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्याला भुतावर ठेवणं सोपं गेलं.

"तुमच्या लग्नात घोड्यावरून उकिरड्यात कोण पडलं? सांगू का रखमाजीमामांना?"

"बघ," रखमाजी म्हणाला. "भुताला मागचं सगळं बराबर ठावं ऱ्हातं."

"रखमाजीमामा, तुमी बिलकुल गप ऱ्हा!"

"पाय दाखव!" रखमाजी काठी उगारून ओरडला. "पावलं सरळ हैत का उलटी, ते दाखव आदी. मंग बोल."

मग गोजरबाईनं दोन्ही हात पसरले, तोल धरला, आणि गुडघ्यात दुमडून एक पाय मागं, पाण्याबाहेर काढला.

खुंटाचा माथा टोपल्याएवढा. त्यावर वळायला जागा नव्हती. तांबड्या उजेडात काठावरून दिसलं ते एवढंच, की तोंड इकडं आहे आणि टाचही इकडंच आहे.

रखमाजी बांधाकडं असा सुटला, की त्याचं एक पायताण चिखलात राहिलं आणि दुसरं बराच वेळ खाली आलंच नाही.

तातेरावला पळायचं होतं. पाय निघेनात. तेवढ्यात पाण्यात काहीतरी डुबकन वाजलं. गोजरबाई झोकांडली, सावरली. पाणी तिच्या मांडीला आलं.

आता ती ओरडली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी पाण्यात येऊ नका. तुमाला पवता येत न्हाई. घरी जा. माझ्या पोरीला म्हणावं, म्हशीला हौदावरच पाजत जा."

तातेराव तिच्याकडं बघत राहिला. आजवर ऐकलेल्या एकाही गोष्टीत भूत 'येऊ नका' म्हणालं नव्हतं. रखमाजीच्या सुद्धा नाही.

त्यानं पटका सोडला. पटक्याची लांबी पुरणार नाही हे दिसत होतं, म्हणून त्यानं धोतरही सोडलं आणि त्याला गाठ मारली.

"वैनी, तोंड तिकडंच ऱ्हाऊ द्या."

"तिकडंच हाय वो, दुसरीकडं कुठं करू!"

टोकाला दगड बांधून त्यानं फेकला. अलीकडं पडला. ओढून घेतला, पुन्हा फेकला. ओलं कापड तिच्या खांद्यावरून पलीकडं गेलं. तिचा हात त्याच्यावर पडलेला त्याला दिसला.

"मनगटाला येढे द्या, वैनी! घट्ट!"

ती काहीतरी म्हणाली. तेवढ्यात पाणी तिच्या पायाखालून गढूळ होऊन वर आलं, आणि ती होती तिथं नुसता तलाव उरला.

तातेरावच्या हातात कापड लोंबत होतं. सैल. पाण्यावर वर्तुळं पसरत काठाला आली, त्याच्या पावलांना लागली. कापड तसंच सैल.

मग त्याला हिसका बसला. पटका काठीसारखा ताठ झाला, तळहातांची साल निघाली, आणि तातेराव चिखलात टाचा रोवून उघडाबोडका, बोटाबोटानं पाण्याकडं घसरायला लागला.

"वजन हाय!" तो बांधाकडं तोंड करून बोंबलला. "मामा, पळत या! वजन हाय हो, वजन हाय!"