सीटचा दांडा

सीट पुन्हा खाली गेली. उस्ताद गल्लीच्या वळणापर्यंतही पोचले नव्हते, तोच बूड हळूच खाली सरकलं आणि दोन्ही गुडघे हँडलला भेटायला वर आले. ते उतरले. कोणी बघत नाही ना, याची खात्री केली आणि जणू पायीच फिरायला निघालो होतो अशा चेहऱ्याने सायकल हातात धरून घराकडे वळले.

काम तसं किरकोळ होतं. सीटचा जुना दांडा गंजून मोडला होता. जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेलेला, उस्ताद हे नावही तिथलंच. अशा माणसाने दुकानातून नवा दांडा आणायचा म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. माळ्यावर दुसऱ्या कुठल्याशा सायकलचा दांडा पडला होता. तो या फ्रेमच्या नळीला किंचित बारीक होता, आत खुळखुळायचा. उस्तादांनी तेलाचा रिकामा डबा कापला, पत्र्याची पट्टी दांड्याभोवती गुंडाळली, दांडा नळीत ठोकून बसवला आणि नळीच्या तोंडाशी असलेला नट पान्याने आवळला.

डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे सकाळी नट आवळायचा आणि चक्कर मारायची ती संध्याकाळी, असा नेम ठरला. आणि संध्याकाळी बघावं तर नट सैल. उस्तादांनी आधी पत्र्याला शिव्या घातल्या आणि जाड पत्रा घातला. मग दांड्यालाच शिव्या घातल्या आणि कानशीने त्यावर चरे पाडले. सायकल मागच्या अंगणात असायची, दाराला आतून कडी. बाहेरचं कोणी तिला हात लावणं शक्य नव्हतं. शिव्या घालण्यासारखं आता एकच काही उरलं होतं, त्यांचा स्वतःचा उजवा हात.

सीटचं कोणाला पडलं होतं! गेल्या वर्षी उस्तादांना झटका आला आणि हा हात लुळा पडला. पुढे कित्येक महिने बायको त्यांना घास भरवत होती आणि ते भिंतीकडे बघत गिळत होते. मग हळूहळू हात परत आला. पूर्वीसारखा झाला, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यातून फोरमनचा निरोप आला, सोमवारपासून या, तुमची जागा अजून कोणाला दिलेली नाही. तो निरोप ऐकून उस्ताद न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

पण मशीनवर माणसं काम करतात. तिथला एक नट सैल राहिला, तर कोणाची तरी बोटं जातात. म्हणून उस्तादांनी मनाशी ठरवलं होतं, ही सीट टिकली तर जायचं. नाहीतर नाही. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज रविवार होता. त्यांनी सायकल अंगणात लावली, आत येऊन सदरा बदलला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"फोरमनकडे. जमणार नाही म्हणून सांगून येतो."

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "अहो, पण का?"

"का म्हणजे? साधा एक नट आवळता येत नाही मला. रोज आवळतो, रोज सैल. हात मेलाय माझा. डॉक्टरला काय जातंय बोलायला."

ती चादर बाजूला ठेवून उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही त्या पत्र्यावर चिडताय असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "नट मी सैल करते."

ही आपली समजूत घालतेय, असं उस्तादांना वाटलं. ते तिला वळसा घालून जायला लागले. ती हलली नाही.

"दुपारची गोळी घेऊन तुम्ही झोपलात की मी मागच्या बोळात सायकल शिकते. तुमच्या उंचीवर माझे पाय पोचत नाहीत. म्हणून सीट खाली घेते आणि झालं की वर करून ठेवते. पण परत आवळायला मला तुमच्यासारखं नाही जमत."

"या वयात सायकल? आणि मला पत्ता नाही?"

"हसला असतात," ती म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकघरात पडलात ना, त्या दिवशी डॉक्टरला आणायला मी पळत गेले होते. सायकल दारातच उभी होती आणि मला ती चालवता येत नव्हती. रस्ताभर तेच डोक्यात होतं. तुम्ही तिकडे एकटे पडलेले, आणि मी आपली पळतेय."

त्या दिवसाचं उस्तादांना काहीच आठवत नव्हतं, आणि ती तो दिवस वर्षभर एकटीच वागवत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पण असल्या वेळी बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ज्यातलं कळत होतं तेच त्यांनी विचारलं.

"मग मी आवळलेला नट तुझ्या हाताने सुटायचा?"

"सुटतोय कुठला," ती म्हणाली. "दोन्ही पाय उचलून पान्याला लोंबकळायचे मी."