बाथटबची बेल

सासूसासरे जपानला, उरायासुला आमच्याकडे आले आणि आमचा बाथटब बिघडला. आत कुणाला चक्कर आली तर दाबायचं एक बटण आहे, त्याची बेल स्वयंपाकघरात वाजते. बाबा अंघोळीला गेले की ती रोज आपोआप वाजायला लागली. मी कणकेच्या हातांनी धावायचे.

"बाबा, बरे आहात ना?"

"हो हो! काही नाही, तू जा."

शिवाय बाथरूमच्या दारात पाणीच पाणी. म्हणजे टबही गळत होता! दुरुस्तीवाले मोरिता-सान आले. त्यांनी बटण उघडून पाहिलं, टब भरून तासभर थांबले आणि वाकून म्हणाले, "सगळं ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत होत्या.

"कस्तुरी, तुझा ओव्हन सारखा का गं वाजतो?"

"ओव्हन नाही आई, बाबांची बेल आहे. आतून वाजते."

आईंनी कपाळावर हात मारला. दोरीवरचा टॉवेल ओढला आणि बाथरूमचं दार ठोठावलं. "अहो, घ्या!"

"आलीस एकदाची!" आतून बाबा म्हणाले. "बटण दाबलं की कस्तुरीच येते. बनियननं अंग पुसून वैतागलो!"