खिळ्यावरचा नान

या, जवळ सरका, सोव्हिएत राजवटीतल्या बुखाऱ्याच्या सोदिक मास्तरांची गोष्ट सांगतो. देव नाही, हे चहाखान्यांतून पटवून देणं ही त्यांची सरकारी नोकरी. मुलगा ओतबेक अफगाण आघाडीवर गेलेला. त्याची पत्रं थांबली होती. निघताना त्याने रीतीप्रमाणे नानचा एक घास खाल्ला होता. उरलेला, परतून त्यानेच संपवावा म्हणून, आईने देवाच्या भरवशावर खिळ्याला टांगला. एका संध्याकाळी मास्तर येरझारा घालत भाषण घोकत होते, "देव असता, तर एवढी दुःखं कशी असती?" बायकोने नान उतरवून त्यांच्या चहापाशी ठेवला. "देव नाही ना, ओतबेकचे बाबा? मग हा नुसता शिळा तुकडा. बुडवा आणि खा." मास्तरांनी नान उचलला, चहापर्यंत नेला. "खिळा हलतोय," ते पुटपुटले, "हातोडी आण आधी." मायबापहो, पहिला घास घ्याल तेव्हा ओतबेकची आठवण असू द्या.