कुणाला दिसणार नाही असं

"हे धर. पण आधी आत बघ," ओपल म्हणाली. काउंटरवरचं तिसरं पिस्तूल तिने रिकामं केलं, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवली, स्वतः आत डोकावली आणि मगच ते व्हर्लीनच्या हातात दिलं. व्हर्लीनही डोकावली. टेनेसीच्या डोंगरात वाढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

तिन्ही पिस्तुलं रबरी चटईवर शेजारी शेजारी पडली होती. पहिलं इतकं चपटं, की ब्लाउजखालीही फुगणार नाही. पण त्याची स्लाइड ओढताना व्हर्लीनची सुजलेली बोटं ठणकली. दुसऱ्याची स्लाइड हलकी होती, पण गोळीही लहान. तिसरं हातात नीट बसत होतं आणि कमरेवर मात्र उठून दिसत होतं. बाजूला एक छोटं रिव्हॉल्वरही होतं. त्याला ओढायचं काही नव्हतं, पण घोडा दाबायला पैलवान लागला असता.

"चपटं आहे ते गोळी सुटताना हाताला फार झटका देतं," ओपल म्हणाली. "जितकं लहान तितकं खाष्ट. माझी सासू अशीच होती. हलकं घे तू. नेम चुकणाऱ्या थोरल्या गोळीपेक्षा लागणारी धाकटी बरी. आता सांग, कुठे वापरणार? बाजारात? गाडीत?"

"घरात."

"मग लपवायचं कशाला? उशाच्या खणात ठेव."

 शेजारच्या गावातलं ओपलचं दुकान व्हर्लीनने मुद्दाम गाठलं होतं, कारण आपल्या गावात हे तोंडातून निघालं नसतं. तिला आपल्या पोटच्या पोराची भीती वाटत होती. तीस वर्षांचा तो मुलगा, क्ले, कारखाना बंद पडल्यावर, बायको सोडून गेल्यावर घरी परत आला होता. माडीवरच्या खोलीतून तो उतरत नसे, आणि उतरला की काहीतरी फुटे. परवा त्याने जेवणाची बशी भिंतीवर मारली होती, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. नवऱ्याला सांगावं, तर डॉयलचं एकच पालुपद: "आपलाच पोरगा आहे, व्हर्लीन. उगाच कांगावा करू नकोस." शिवाय त्याने वसंतात शिकारीच्या सगळ्या बंदुका विकून टाकल्या, गुडघ्यांचं निमित्त सांगून. तेव्हापासून तो झोपायलाही खाली जिन्याशी असलेल्या आरामखुर्चीत. स्वतःच्याच घरात ती पिंजऱ्यात सापडल्यासारखी जगत होती, आणि पिंजऱ्याचं दार नवऱ्यानेच धरून ठेवलंय असं तिला वाटे.

ओपलने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढचा प्रश्न गिळला.

"बरं, घरातल्यांना कळू द्यायचं नाही," ती म्हणाली. "मग कपड्यांपेक्षा गळाभेटी सांभाळ. आपल्याकडे जो तो गळ्यात पडतो, आणि समोरच्याचा हात नेमका कमरेवर येतो. इकडे ये." ती काउंटरच्या बाहेर आली. "तू आधी आपले हात त्याच्या काखेखालून घाल, कोपरं खाली ठेव. म्हणजे त्याचे हात आपोआप तुझ्या खांद्यावर जातात. नाहीतर एका बाजूने भेट, अशी. कमरेला पिस्तूल बांधणारे सगळे असेच भेटतात. चर्चच्या दारात उभी राहा, अर्ध्या गावाचं गुपित कळेल."

व्हर्लीन तिथेच थिजली. डॉयल तिला असाच भेटत होता. एका बाजूने, कोपर दाबून, तिचा हात वर सारत. इतके महिने तिला वाटत होतं, माणसाचं मन आपल्याला विटलं.

म्हणजे तोही बांधतो. घरात. आणि घरात भ्यायला दुसरं आहेच कोण? सहा फुटी डॉयलही पोराला घाबरत असेल, तर आपली भीती कांगावा नव्हे. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि धडकीही भरली.

"हलकंच दे," ती म्हणाली. "बांधूनच जाते."

ती घरी आली तेव्हा डॉयल गॅसपाशी घेवडा ढवळत होता. तिने सरळ जाऊन त्याला मिठी मारली. दोघांचेही हात खालून जायला बघत होते. कोपरावर कोपर आपटलं, आणि व्हर्लीनची बोटं त्याच्या कमरेवरच्या टणक गोष्टीला लागली.

"तूही त्याला भितोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मग मलाच का खोटं पाडलंस?"

डॉयलने छताकडे पाहिलं. वर क्ले येरझारा घालत होता. डॉयलने गॅस बंद केला आणि खुर्चीत बसला.

"त्याला नाही, त्याच्यासाठी भितो मी," तो म्हणाला. "मार्चमध्ये एकदा त्याच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बसला होता आणि माझ्या आबांचं रिव्हॉल्वर त्याच्या मांडीवर होतं. म्हणाला, नुसतं बघतोय. भरलेलं होतं, व्हर्लीन. आईला सांगू नका म्हणून रडला, आणि मी कबूल झालो. बंदुका विकल्या. आबांचं तेवढं विकवेना, म्हणून अंगावर ठेवतो, झोपेतही." त्याने कमरेवर हात ठेवला. "घरात आता एवढं एकच आहे, आणि ते माझ्यापाशी आहे. या एका गोष्टीच्या भरवशावर माझा डोळा लागतो."

वरची पावलं थांबली. व्हर्लीनच्या मनात आलं, इतके दिवस आपण त्याच्या पावलांचा आवाज ऐकला आणि दार लावून घेतलं. एकदाही वर गेलो नाही. 

"एक नाही, दोन आहेत," ती म्हणाली, आणि तिने शर्ट वर केला.